सामना बरोबरीत, कप अर्जेंटिनाला: लुसैलची फायनल नियमांच्या बाजूने

१८ डिसेंबर २०२२, रविवार. आपल्याकडे रात्री साडेआठला सुरू झालेली फुटबॉल वर्ल्ड कपची फायनल संपेपर्यंत साडेअकरा वाजत आले होते. कतारच्या लुसैल स्टेडियममध्ये ८८,९६६ प्रेक्षक होते. अर्जेंटिनाने कप उचलला, पण सामन्याची नोंद काय आहे? अर्जेंटिना ३, फ्रान्स ३. बरोबरी. त्यापुढे टायब्रेकरचा ४–२ हा वेगळा आकडा.

ही नुसती कागदी बाब नाही. नियमांच्या पुस्तकात टायब्रेकर हा सामन्याचा भागच नाही. सामना १२० मिनिटांनी संपतो, आणि पुढे कप कोणी न्यायचा ते ठरवायला पेनल्टीच्या किका मारतात. म्हणून तिथले गोल कोणाच्याही खात्यात जमा होत नाहीत. फ्रान्सच्या किलियन एम्बापेने त्या रात्री चार वेळा चेंडू जाळ्यात धाडला, त्यातले तीनच मोजले गेले. ते धरून स्पर्धेत त्याचे ८ गोल झाले आणि अर्जेंटिनाच्या मेस्सीचे ७, त्यामुळे सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट एम्बापेला मिळाला. फायनलमध्ये हॅटट्रिक करूनही हरलेला पुरुषांच्या वर्ल्ड कपमधला तो पहिलाच. त्याआधीची एकमेव हॅटट्रिक १९६६ मध्ये इंग्लंडच्या जेफ हर्स्टची होती, आणि इंग्लंड तेव्हा जिंकलं होतं.

बाद फेरीच्या सामन्यात किती टप्पे असतात, प्रत्येकाचे नियम कुठे वेगळे पडतात आणि ‘पेनल्टी म्हणजे नशिबाचा खेळ’ हे वाक्य का पटत नाही, हे समजून घ्यायला यापेक्षा चांगला सामना सापडणार नाही.

आधी गोलांचा हिशोब. फ्रान्सच्या डेम्बेलेने डी मारियाला पाडलं, आणि २३व्या मिनिटाला मेस्सीने पेनल्टीवर गोल केला. ३६व्या मिनिटाला डी मारियाचा गोल, २–०. फ्रान्स सामन्यात आहे असं वाटतच नव्हतं. मग अर्जेंटिनाच्या ओटामेंडीने कोलो मुआनीला पाडलं, आणि ८०व्या मिनिटाला पेनल्टीवर एम्बापेचा गोल. पुढच्याच मिनिटाला थुरामला पास देऊन लगेच परत घेत त्याने हवेतला चेंडू थेट मारला आणि २–२. जादा वेळेत १०८व्या मिनिटाला मेस्सी, ११८व्या मिनिटाला पुन्हा पेनल्टीवर एम्बापे. ३–३.

जादा वेळ म्हणजे नक्की काय

दोन शब्दांची गल्लत नेहमी होते. ४५ किंवा ९० मिनिटांपुढे चौथा पंच जो आकडा दाखवतो तो भरपाईचा वेळ: दुखापती, बदली खेळाडू, व्हीएआरची (व्हिडिओ पाहणाऱ्या पंचांची) तपासणी, गोलनंतरचा जल्लोष यात गेलेली मिनिटं. फलकावरचा आकडा किमान असतो. मुख्य पंच त्यापेक्षा जास्त खेळवू शकतो, कमी नाही. कतारमध्ये ही भरपाई काटेकोरपणे मोजायचं ठरलं होतं, म्हणून फायनलच्या दुसऱ्या अर्धात तब्बल ८ मिनिटं लागली.

जादा वेळ म्हणजे बरोबरी असेल तरच खेळवले जाणारे १५-१५ मिनिटांचे दोन भाग. ते पूर्ण खेळले जातात. ‘ज्याचा गोल आधी त्याचा सामना’ हा गोल्डन गोलचा नियम १९९६ आणि २०००, दोन्ही युरो कपच्या फायनलचा निकाल लावून गेला, पण २००४ नंतर तो नाही. तो असता तर १०८व्या मिनिटाला मेस्सीच्या गोलवरच लुसैलमधले दिवे मालवले गेले असते आणि एम्बापेची हॅटट्रिक झालीच नसती.

आता बदली खेळाडू. टीव्हीवर हे डोळ्यांसमोरून निघून जातं, आणि मला विचाराल तर फायनलचा निकाल बराचसा इथेच लागला. २०२२ मध्ये प्रत्येक संघाला पाच बदल होते, जादा वेळेत आणखी एक, आणि डोक्याला मार लागून खेळाडू बाहेर गेला तर त्याच्यासाठी वेगळा एक. फ्रान्सने सातही वापरले.

टायब्रेकरमध्ये किक मारायचा हक्क फक्त जादा वेळ संपताना मैदानावर असलेल्यांना असतो. उपचारासाठी तात्पुरता बाहेर गेलेला धरला जातो. जो बदलला गेला तो गेला. फ्रान्सचे प्रशिक्षक दिदिए देशां यांनी ०–२ असताना ४१व्या मिनिटालाच जिरू आणि डेम्बेलेला बाहेर काढलं, ७१व्या मिनिटाला ग्रिझमनला. सामन्यात परत यायला ते बदल कामी आले, कारण पहिली पेनल्टी मिळवली ती आत आलेल्या कोलो मुआनीनेच. पण किक मारताना ज्यांचा अनुभव हाताशी हवा, असे दोघे, जिरू आणि ग्रिझमन, आता बाकावर होते.

अर्जेंटिनाचे लिओनेल स्कालोनी यांनी उलट्या टोकाने विचार केला. १२० मिनिटं पूर्ण झाल्यावर, भरपाईच्या वेळेत, त्यांनी बचावपटू टाग्लियाफिकोच्या जागी पाउलो दिबालाला आणलं. उघड आहे, किकसाठी. एकूण आठ किका मारल्या गेल्या आणि त्यातल्या पाच मारणारे बदली म्हणून आलेले होते: कोमान, कोलो मुआनी, दिबाला, परेदेस, माँतिएल. म्हणजे टायब्रेकरची यादी तासभर आधीपासून लिहिली जात होती.

१०८व्या मिनिटाचा गोल, जवळून

लौतारो मार्टिनेझचा जोरदार फटका गोलरक्षक लॉरिसने अडवला. सुटलेला चेंडू मेस्सीने ढकलला. फ्रान्सच्या कुंडेने तो लाथाडून बाहेर काढला, पण तोवर उशीर झाला होता. या तीन-चार सेकंदांत तीन वेगवेगळे प्रश्न तपासले गेले.

पहिला, चेंडू रेषेपार गेला का? संपूर्ण चेंडू संपूर्ण रेषेच्या पलीकडे जायला हवा. चेंडूचा व्यास साधारण २२ सेंटीमीटर. त्याची कडा जरी वरून पाहताना रेषेला शिवत असेल तरी गोल नाही. गोलकडे रोखलेले कॅमेरे चेंडूची जागा मोजतात आणि एका सेकंदाच्या आत पंचाच्या मनगटावरचं घड्याळ थरथरतं. इथे माणसाच्या मताचा प्रश्नच येत नाही.

दुसरा, लौतारो ऑफसाइड होता का, म्हणजे पास सुटताना तो चेंडूच्या आणि समोरच्या संघाच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढे होता का? कतारमध्ये स्टेडियमच्या छताखाली १२ कॅमेरे होते. ते प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ बिंदू सेकंदाला ५० वेळा टिपत, आणि चेंडूतला सेन्सर सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवत असे. पास नेमक्या कोणत्या क्षणी सुटला हे सेन्सरवरून कळतं, त्या क्षणी कोणाचा खांदा किंवा गुडघा कुठे होता हे कॅमेऱ्यांवरून. हात मोजत नाहीत, काखेच्या तळापर्यंतचाच भाग धरतात, कारण हाताने गोल करताच येत नाही. लौतारो ऑफसाइड नव्हता.

तिसऱ्या प्रश्नावर पुढे बरेच दिवस धुरळा उडाला. चेंडू रेषा ओलांडत असताना अर्जेंटिनाच्या बाकावरचे दोघं मैदानात शिरले होते. तेव्हाच्या नियमाच्या शब्दांप्रमाणे, गोल करणाऱ्या संघाचा जादा माणूस गोलच्या वेळी मैदानात होता हे खेळ पुन्हा सुरू होण्याआधी पंचाच्या लक्षात आलं, तर गोल रद्द व्हायला हवा. फ्रान्समधून ओरड झाली. पोलंडचे पंच शिमोन मार्चिनियाक यांनी पत्रकारांसमोर मोबाइल काढून फोटो दाखवला: एम्बापेच्या एका गोलच्या वेळी फ्रान्सचे सात जण आत होते! २०२३ च्या सुधारणेनंतर पंचाला त्या जादा माणसाचा खेळावर परिणाम झाला का हे पाहावं लागतं. शहाणपणाचा बदल म्हणायचा. बाकावरून उडी मारणाऱ्याने दूरच्या कोपऱ्यातल्या गोलचं काय बिघडवलं?

११८व्या मिनिटाची पेनल्टी मात्र सरळ होती. एम्बापेच्या फटक्यापुढे अर्जेंटिनाच्या माँतिएलचा कोपर शरीरापासून दूर निघालेला होता आणि चेंडू त्यावर आदळला. हाताने शरीराचा आकार अनैसर्गिकपणे वाढवला तर जाणूनबुजून केलं का हे विचारत नाहीत. हा माँतिएल लक्षात ठेवा.

आणि १२३वं मिनिट. कोलो मुआनी एकटा समोर, अर्जेंटिनाचा गोलरक्षक एमिलियानो मार्टिनेझने डावा पाय पसरला आणि चेंडू पायावर अडला. तो गोल झाला असता तर पुढचं काहीच लिहायला उरलं नसतं.

टायब्रेकर: कोण, कुठे, कधी

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींचे सामने पाहणाऱ्यांना टायब्रेकर नवा नाही, पण त्यातले बारकावे तिथेही वाद घडवतात. क्रम असा. आधी एक नाणेफेक, कोणत्या टोकाच्या गोलवर किका मारायच्या ते ठरवायला. मैदान खराब असेल किंवा सुरक्षेचा प्रश्न असेल तर पंच टोक बदलू शकतो. मग दुसरी नाणेफेक, आणि जिंकणारा कर्णधार पहिल्यांदा मारायचं की नंतर ते सांगतो. किक न मारणारे सगळे मध्यवर्तुळात थांबतात. ज्या गोलरक्षकाची पाळी नाही तो मैदानातच, पण पेनल्टी क्षेत्राबाहेर, जिथे त्याची रेषा गोलरेषेला मिळते तिथे उभा असतो.

पाच नावांची यादी आधी पंचाकडे द्यावी लागते असा एक पक्का गैरसमज आहे. द्यावी लागत नाही. कोणत्या क्रमाने कोण येणार हे संघाने किकेगणिक ठरवलं तरी चालतं. बंधन एकच, सगळ्यांची एक पाळी होईपर्यंत कोणाला दुसऱ्यांदा मारता येत नाही, आणि ‘सगळ्यांत’ गोलरक्षकही येतो.

दोन्ही बाजूंची संख्या सारखी असावी लागते. २००६ च्या बर्लिनच्या फायनलमध्ये झिदानला ११०व्या मिनिटाला लाल कार्ड मिळालं आणि फ्रान्सचे दहा उरले. अशा वेळी समोरच्या संघालाही एक नाव वगळावं लागतं. नाहीतर अकरावा, म्हणजे बहुधा सगळ्यात कच्चा किक मारणारा, फक्त पूर्ण संघालाच पाठवावा लागला असता आणि कमी खेळाडूंचा उलट फायदा झाला असता.

कार्डांचाही हिशोब नव्याने सुरू होतो. २०२२ च्या नियमापासून, सामन्यात एक पिवळं आणि टायब्रेकरमध्ये आणखी एक मिळालं तरी खेळाडू बाहेर जात नाही.

बाकी गणित सोपं आहे. पाच-पाच किका, पण एका संघाला गाठणं अशक्य झालं की तिथेच थांबायचं. लुसैलमध्ये फ्रान्स पहिल्यांदा आला. एम्बापे, गोल. मेस्सीने सावकाश ढकलला, गोल. कोमानची किक मार्टिनेझने अडवली. दिबालाने सरळ मधोमध मारला, लॉरिस आधीच झेपावला होता. चुआमेनीने खांबाबाहेर घालवला. परेदेस, गोल. आता ३–१. इथे कोलो मुआनी चुकला असता तर फ्रान्सची एकच किक उरून कमाल मजल २ झाली असती आणि सामना तिथेच संपला असता. त्याने गोल केला, ३–२. पुढे माँतिएल, पेनल्टी देऊन बसलेला तोच. त्याने जाळ्यात मारला, ४–२, फ्रान्सची एक किक उरूनही उपयोग नाही. पाचव्या किकेची गरजच पडली नाही. म्हणून तर आपला भरवशाचा माणूस पाचव्या क्रमांकाला राखून ठेवणं धोक्याचं असतं. एम्बापे आणि मेस्सी दोघेही पहिल्या क्रमांकाला आले.

नशीब की तयारी

पेनल्टीची खूण गोलपासून ११ मीटरवर. गोल ७.३२ मीटर रुंद, २.४४ मीटर उंच. ताशी ८० किलोमीटरने मारलेला चेंडू अर्ध्या सेकंदात तिथे पोचतो. किक पाहून मग झेप घेतली तर कोपरा गाठता येत नाही, म्हणून गोलरक्षकाला अंदाजावर आधीच हलावं लागतं. दिबालाने मधोमध मारलेल्या किकेमागचं गणित तेच. किक लागण्याच्या क्षणी गोलरक्षकाच्या एका पायाचा निदान काही भाग गोलरेषेवर, रेषेच्या सरळीत किंवा तिच्या मागे असला पाहिजे. आधी पुढे आला आणि किक अडवली तर ती परत मारायची. पहिल्या वेळी गोलरक्षकाला ताकीद मिळते, पुढच्या वेळी पिवळं कार्ड.

मारणाऱ्याला धावत येताना अडखळून फसवायची मुभा आहे. धावणं पूर्ण करून चेंडूपाशी पोचल्यावर मात्र मारल्यासारखं करून थांबता येत नाही. टायब्रेकरमध्ये तसं केलं तर किक वाया जाते, वर पिवळं कार्ड.

उरतं ते डोकं. मार्टिनेझने नेमकं तिथेच काम केलं. कोमान किक घ्यायला आला तेव्हा चेंडू खुणेवर बरोबर ठेवलाय का ते पाहा, असं त्याने पंचाला सांगितलं. थोडा वेळ गेला. चुआमेनी येत असताना त्याने चेंडू उचलून बाजूला फेकून दिला, आणि बिचाऱ्या पोराला तो आणायला चालत जावं लागलं. मग परेदेसची पाळी आली तेव्हा मार्टिनेझने चेंडू स्वतः नेऊन त्याच्या हातात दिला, म्हणजे लॉरिसला तोच डाव उलटवायची संधी नको. कोलो मुआनीच्या वेळी पंचाने अखेर पिवळं कार्ड काढलं. तोवर दोन किका वाया गेलेल्या होत्या आणि त्या कार्डाने काहीच बिघडणार नव्हतं.

याला चलाखी म्हणा किंवा आगाऊपणा, तेव्हाच्या नियमांत ते स्पष्ट शब्दांत मना नव्हतं. १ जुलै २०२३ पासून नियमात स्पष्ट शब्द आले: गोलरक्षकाने किक लांबवायची नाही, खांब, आडवा दांडा किंवा जाळी हाताळायची नाही, मारणाऱ्याचं लक्ष अयोग्य रीतीने विचलित करायचं नाही. ‘मार्टिनेझचा नियम’ असं लोक त्याला गमतीने म्हणतात.

पहिल्यांदा मारणाऱ्याला फायदा असतो का, यावर वाद आहे. मागून येणाऱ्यावर सतत बरोबरी गाठायचा ताण राहतो, हा त्यामागचा तर्क. तो घालवायला २०१७ मध्ये टेनिसच्या टायब्रेकरसारखा अ-ब-ब-अ क्रम, म्हणजे पहिली किक एका संघाची आणि पुढच्या दोन दुसऱ्याच्या, वापरून पाहिला गेला. लोकांना तो समजेना, पुढच्याच वर्षी गुंडाळला. पुरुषांच्या वर्ल्ड कपच्या फायनलपुरतं बोलायचं तर टायब्रेकर तीनदाच झालाय. १९९४ मध्ये पासाडेनाला इटली आधी मारून ब्राझीलकडून ३–२ ने हरली, बारेसीने पहिली आणि बॅजिओने शेवटची किक दांड्यावरून घालवली. २००६ मध्ये इटली आधी मारून ५–३ ने जिंकली. २०२२ मध्ये आधी मारणारा फ्रान्स हरला. तीन उदाहरणांवरून निष्कर्ष काढायचा नसतो, पण नाणेफेक जिंकली की कप आलाच असं कोणी म्हणालं तर हे तीन सामने पुढे ठेवता येतात.

खरं नशीब पाहायचं असेल तर १९७० पूर्वी जा. टायब्रेकर नियमांत आला तो त्या वर्षी. १९६८ च्या युरो कपमध्ये इटली आणि सोव्हिएत संघाची उपांत्य लढत गोलविना संपली, तेव्हा नेपल्समध्ये चक्क नाणं उडवलं गेलं आणि इटली फायनलला पोचली. फायनलही युगोस्लाव्हियाशी १–१ झाली, मग दोन दिवसांनी संपूर्ण सामना पुन्हा खेळवला आणि इटली २–० ने जिंकली. पुढे १९७६ मध्ये बेलग्रेडला युरोची फायनल टायब्रेकरवर गेली, आणि चेकोस्लोव्हाकियाच्या पानेन्काने पश्चिम जर्मनीचा गोलरक्षक झेपावणार हे ओळखून मधोमध हलका चेंडू उचलून टाकला. मधोमध हलका उचलून टाकण्याच्या त्या प्रकाराला आजही त्याचंच नाव आहे.

लुसैलच्या संघातला आणखी एक खेळाडू पुढे या नियमांच्या कात्रीत सापडला. हुलियान आल्वारेझ, फायनलमध्ये जादा वेळेत बदलला गेलेला. मार्च २०२५ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या टायब्रेकरमध्ये ॲटलेटिको माद्रिदकडून रिअल माद्रिदविरुद्ध किक मारताना त्याचा पाय घसरला. उजव्या पायाने मारलेला चेंडू निसटत्या डाव्या पायाला किंचित लागला आणि मगच जाळ्यात गेला. मारणाऱ्याने चेंडूला दुसऱ्यांदा स्पर्श करायचा नाही, म्हणून गोल रद्द, किक वाया. ॲटलेटिको बाहेर. जूनमध्ये नियम ठरवणाऱ्या मंडळाने खुलासा केला की दुसरा स्पर्श चुकून झाला असेल आणि चेंडू जाळ्यात गेला असेल तर किक परत मारायला द्यावी. चेंडू आत गेला नाही तर मात्र ती चुकलेली धरायची. ॲटलेटिकोला अर्थात त्याचा काही उपयोग झाला नाही.